फक्त गाणं लावायचं होतं

नातेवाइकांच्या घरून ‘काँप्युटर फार स्लो झालाय, एकदा येऊन बघून जा’ असा निरोप आला की मी माउसला हात लावण्याआधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, घड्याळाशेजारी नजर टाकायचो. तिथे चिमुकल्या चित्रांची रांग असायची. अँटिव्हायरस, प्रिंटर, आवाज कमीजास्त करायचा भोंगा, इथवर ठीक. पण मधे मधे गाणी वाजवणारी मंडळी ठाण मांडून बसलेली. एक साउंड कार्डाच्या सीडीतून आलेला. एक डीव्हीडी ड्राइव्हच्या खोक्यातून. एक कॅमेऱ्याबरोबर. एक विंडोजमध्ये जन्मजात. आणि एक कुठून आला हे घरात कुणालाच ठाऊक नसलेला. गाणी ऐकणारी माणसं दोन, त्यातल्या एकाला ऐकू कमी येतं, आणि वाजवणारे पाच!

‘‘हा कोण गं आत्या?’’

‘‘मला काय विचारतोस? मागच्या खेपेला तूच बसवला असशील.’’

‘‘मी नाही.’’

‘‘मग आपला आपणच आला.’’

खोलात शिरल्यावर कळायचं की तो आपला आपण आला नव्हता. त्याने रीतसर विचारलं होतं आणि आत्याने रीतसर होकार दिला होता. ‘‘तो म्हणाला नेक्स्ट? मी म्हटलं नेक्स्ट. मग म्हणाला आय ॲग्री? म्हटलं बाबा, ॲग्री. इतक्या अदबीनं विचारतोय तर नाही कशाला म्हणायचं?’’ आत्या शाळेत मुख्याध्यापिका होती. पालकांनी न वाचता सही केलेला प्रगतिपुस्तकाचा कागद ती परत पाठवायची. तीच आत्या काँप्युटरसमोर बसली की करारनामा न वाचता चार वेळा संमती देऊन मोकळी. आणि तिलाच काय म्हणा, तो करारनामा असायचा बोटभर उंचीच्या खिडकीत. आत मजकूर एखाद्या खरेदीखताएवढा, सगळा इंग्रजी वकिली. तो पूर्ण वाचून मग गाणं लावलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

खरी मेख त्या पुढच्या पानावर असते. तिथे दोन गोल. एकासमोर लिहिलेलं ‘एक्स्प्रेस’, कंसात ‘शिफारस’. दुसऱ्यासमोर ‘कस्टम’, कंसात ‘जाणकारांसाठी’. आता स्वतःला जाणकार म्हणवून घ्यायला आपल्याकडे संकोच वाटतो, निदान काँप्युटरच्या बाबतीत तरी. माणूस मुकाट एक्स्प्रेस धरतो. कस्टमचं दार उघडलं असतं तर आत छोटे चौकोन दिसले असते: ब्राउझरवर आमची पट्टी बसवू का, तुमचं होमपेज बदलू का, काँप्युटर सुरू झाला की आम्हीही सुरू होऊ का, सगळ्या गाण्यांवर आमचा शिक्का मारू का. आणि प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण त्यांनीच आधी करून ठेवलेली. मतपत्रिकेवर शिक्का मारूनच ती मतदाराच्या हातात द्यावी, असा हा कारभार.

बरं, आला तर आला, निदान वाजवावं की नाही? पण पहिल्यांदा उघडला की तो गाणं लावत नाही, चौकशी करतो. नाव, ईमेल, जन्मसाल, देश, पिनकोड. आमच्या घरात शिरलेल्या एकाने तर पिनकोडसाठी पाचच घरं ठेवली होती. सदाशिव पेठेचा ४११०३० त्यात मावेना. देशांची यादी इंग्रजी अक्षरक्रमाने, म्हणजे पहिला अफगाणिस्तान. घाईतली माणसं आहे तेच ठेवून पुढे जातात. काबूलहून एवढी माणसं अभंग कशी काय ऐकतात, असा प्रश्न त्या कंपनीत कुणाला तरी पडलाच असेल.

एवढं होऊन एकदाचा तो उघडतो. पडद्याच्या मधोमध दुकान. डाव्या हाताला आजच्या ताज्या चित्रफिती, उजव्या हाताला हॉलिवुडच्या कुणा नटीचा घटस्फोट, आणि गाणं सुरू करायचं बटण खाली, नखाएवढं. वडील शेजारच्या खुर्चीत पंडित भीमसेन जोशींची वाट बघत बसलेले. ‘‘लागलं का?’’ ‘‘लागतंय.’’ मग तंबोऱ्याचा पहिला सूर उमटतो न उमटतो तोच वर एक चौकट येते. मी तुमचा मुख्य प्लेअर नाही, मला मुख्य करणार का? ‘नाही’ म्हटलं की आजपुरता गप्प. खाली ‘पुन्हा विचारू नका’ असा चौकोन असतो. या एकाच चौकोनात खूण आधी केलेली नसते, एवढं लक्षात ठेवा.

आणि समजा घरातल्या कुणी ‘हो’ म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी गाण्यांचा फोल्डर उघडल्यावर सगळ्या फायलींचे चेहरे बदललेले. काल सगळ्यांवर निळं चित्र होतं, आज नारिंगी. परवा आधीच्या प्लेअरला हे समजतं, तो आपली चौकट पुढे करतो, आणि तेरवा परत निळं. वडिलांना प्रत्येक वेळी वाटायचं की गाणी गेली. गाणी जागच्या जागी असायची, फक्त त्यांच्यावरची मालकी रातोरात फिरलेली असायची. मी त्यांना हे नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माळ्यावरचा टेपरेकॉर्डर खाली काढून मागितला.

मुळात एवढे प्लेअर लागायचेच कशाला, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर अगदी व्यापारी आहे. ध्वनी किंवा चित्र साठवायची प्रत्येक मोठ्या कंपनीची आपली पद्धत होती. मायक्रोसॉफ्टची निराळी, ॲपलच्या क्विकटाइमची निराळी, रिअलनेटवर्क्सची निराळी. ज्याची पद्धत चालेल त्याचा प्लेअर घरोघरी जाईल, आणि ज्याचा प्लेअर घरोघरी असेल त्याच्याकडे गाणी आणि सिनेमे विकणारे रांग लावतील, असं ते गणित. त्यामुळे एकाच मुंजीच्या तीन चित्रफिती तीन प्रकारच्या यायच्या. फोटोग्राफरने दिलेली एक, अमेरिकेतल्या मावसभावाने त्याच्या कॅमेऱ्यातून पाठवलेली दुसरी, आणि कुणी तरी लहान करून ईमेलला जोडलेली तिसरी. मुंज एक, बटू एक, आणि ती पूर्ण बघायला वाजवणारे तीन. डीव्हीडीची आणखी वेगळी तऱ्हा. विंडोज एक्सपी स्वतःहून सिनेमाची डीव्हीडी लावू शकत नसे, कारण त्यावरचं चित्र उलगडणाऱ्या तंत्राचे पैसे पेटंटवाल्यांना द्यावे लागत आणि ते विंडोजच्या किमतीत धरलेले नव्हते. मग ड्राइव्ह विकणारा खोक्यात एक प्लेअर घालून द्यायचा. तो प्लेअर आपल्याबरोबर आणखी काय काय घेऊन यायचा ते सांगत बसत नाही.

माझ्या घरात येऊन गेलेल्यांची नावंही मी घेणार नाही. पण जी प्रकरणं जगजाहीर आहेत त्यांची नावं घ्यायला हरकत नसावी. त्यात पहिला मान रिअलप्लेअरचा.

त्याच्यावर अन्याय मात्र व्हायला नको, कारण सुरुवातीला तो एक चमत्कार होता. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या रॉब ग्लेसर यांनी १९९४ मध्ये सिॲटलला कंपनी काढली आणि एप्रिल १९९५ मध्ये रिअलऑडिओ आणलं. त्याआधी इंटरनेटवरचं गाणं ऐकायचं म्हणजे आधी पूर्ण उतरवून घ्यायचं. चार मिनिटांच्या गाण्याला त्या काळच्या मोडेमवर वीस मिनिटं सहज लागत, आणि तेवढा वेळ घरातला फोन बंद. रिअलऑडिओमुळे गाणं येता येताच वाजू लागलं. ५ सप्टेंबर १९९५ ला सिॲटल मरिनर्स आणि न्यू यॉर्क यँकीज यांच्या बेसबॉल सामन्याचं धावतं वर्णन याच तंत्राने इंटरनेटवरून थेट ऐकवलं गेलं. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते त्याच्या तीनच आठवडे आधी, १५ ऑगस्टला. पुढे काही वर्षांनी न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणारा मराठी माणूस रात्री जेवण उरकून रागा किंवा म्युझिक इंडिया ऑनलाइन या संकेतस्थळांवर जुनी गाणी ऐकत बसायचा, तेव्हा ती याच प्लेअरमधून यायची. दोन कडव्यांच्या मधे ‘बफरिंग’ होऊन गाणं अडायचं, तेवढ्यात भांडी विसळून होत. त्या पिढीने या प्लेअरला शिव्या दिल्या खऱ्या, पण त्याचे उपकारही ती मानते.

मग बिघडलं कुठे? मायक्रोसॉफ्टने आपला प्लेअर विंडोजबरोबर फुकट दिला. शेजारचा फुकट वाढत असताना पैसे मोजून कोण जेवणार? रिअलच्या संकेतस्थळावर पैसेवाली आवृत्ती मोठ्या अक्षरांत झळकू लागली आणि फुकटची कुठल्या तरी कोपऱ्यात, बारीक टायपात, शोधणाऱ्याने भिंग घेऊन बसावं अशी. प्लेअर बंद केला तरी त्याचा निरोप्या मागे जागा राहायचा आणि अधूनमधून जाहिरातीची चौकट वर काढायचा. १९९९ मध्ये तर उघड झालं की त्यांचा रिअलज्यूकबॉक्स, माणूस कोणती गाणी ऐकतो ही माहिती गुपचूप कंपनीला कळवत होता. गावभर बोभाटा झाल्यावर त्यांनी ते थांबवलं. २००६ मध्ये ‘पीसी वर्ल्ड’ मासिकाने आजवरच्या २५ सर्वांत वाईट तंत्रवस्तूंची यादी केली, तीत रिअलप्लेअर दुसरा. पहिला नंबर, फुकटच्या सीडी घरोघर टाकणाऱ्या अमेरिका ऑनलाइनने मारला. आणि जानेवारी २००८ मध्ये हार्वर्डच्या बर्कमन केंद्रातून चालणाऱ्या स्टॉपबॅडवेअर या उपक्रमाने रिअलप्लेअरच्या दोन आवृत्त्यांवर ‘बॅडवेअर’ असा शिक्का मारला. एक आवृत्ती जाहिरातींविषयी धड सांगत नाही. दुसरी न विचारता रॅप्सडी नावाचा आणखी एक प्लेअर बसवते, आणि मूळ प्लेअर काढला तरी तो मागे राहतो.

हे वाचल्यावर मला एकदम मुंबईतल्या जुन्या चाळी आठवल्या. घरमालकाने भाडेकरू ठेवला, भाडेकरूने मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवला, आणि मूळ भाडेकरू गावी निघून गेल्यावर पोटभाडेकरू म्हणतो, मी इथलाच. मालकाने कोर्टात जावं. फरक इतकाच की चाळीतल्या भाडेकरूला १९४७ च्या कायद्याचं संरक्षण होतं आणि त्याची गरज खरी होती. या पोटभाडेकरूला कसलीच गरज नव्हती. त्याला ठेवण्यात फायदा मूळ भाडेकरूचा होता, एवढंच. बाकीच्या पोटभाडेकरूंबाबत तर थेट पैशांचाच व्यवहार असायचा. ब्राउझरवरची पट्टी एका काँप्युटरवर बसली की पट्टीवाला प्लेअरवाल्याला ठरावीक रक्कम द्यायचा. आत्याने एकदा ‘नेक्स्ट’ म्हटलं की साता समुद्रापलीकडे कुणाच्या तरी खात्यात काही सेंट जमा. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘मग मला निम्मे नकोत का?’’

आता मायक्रोसॉफ्टचं. त्यांच्या प्लेअरची तक्रार थेट युरोपियन आयोगापर्यंत गेली. मार्च २००४ मध्ये आयोगाने निकाल दिला की विंडोजबरोबर मीडिया प्लेअर बांधून देणं ही बाजारातल्या दांडगाईची खूण आहे. दंड ४९ कोटी ७० लाख युरोंच्या वर, आणि प्लेअर नसलेलं विंडोज बाजारात आणायची सक्ती. मायक्रोसॉफ्टने त्याचं नाव सुचवलं ‘रिड्यूस्ड मीडिया एडिशन’. दुकानात जाऊन ‘एक कमी केलेलं द्या’ कोण म्हणणार? आयोगाच्या ते लक्षात आलं. त्यांनी नाव नाकारलं. शेवटी नुसतं ‘एन’ अक्षर जोडून ते विंडोज एक्सपी एन म्हणून विकायला आलं. किंमत मात्र तीच. प्लेअरसहित जेवढी, तेवढीच प्लेअरविना.

पुढचं ऐकण्यासारखं आहे. २००६ मध्ये अपिलाच्या सुनावणीत मायक्रोसॉफ्टने सांगितलं की या ‘एन’च्या एकूण १,७८७ प्रती मागवल्या गेल्या. साधं एक्सपी तोवर युरोपात कोट्यवधी गेलं होतं. मोठ्या काँप्युटर कंपन्यांनी ‘एन’ला हातही लावला नाही. तुळशीबागेत एखाद्या दुकानदाराने ‘पदर नसलेली साडी, भाव तोच’ अशी पाटी लावली तर किती खपेल, तेवढंच ते खपलं. न्यायालयाने २००७ मध्ये आयोगाचा निकाल कायम केला, दक्षिण कोरियानेही २००५ अखेर तसाच आदेश काढला होता, आणि दरम्यान रिअलनेटवर्क्सने मायक्रोसॉफ्टशी ७६ कोटी १० लाख डॉलरांवर तडजोड करून आपला खटला मिटवला. वकिलांची घरं भरली. घरातल्या काँप्युटरवरचा प्लेअर जिथे होता तिथेच.

मला वाटतं, भांडण चुकीच्या जागी लढलं गेलं. कोर्टात वाद होता प्लेअर आत का ठेवला याचा. घरोघरी रडगाणं होतं ते वेगळंच: तो बाहेर का जात नाही? आत्याला प्लेअर नको नव्हता. वडिलांनाही नको नव्हता. नवा काँप्युटर आणल्यावर त्यात गाणं लागलंच नसतं तर दोघांनी पहिला फोन मलाच केला असता. त्यांचं म्हणणं एवढंच की आलास, ठीक आहे. आता गाणं लाव, आणि आम्ही जा म्हटलं की जा. पुढे विंडोज ७ मध्ये मीडिया प्लेअर बंद करायची सोय एका चौकोनातली खूण काढण्याइतकी सोपी झाली, आणि त्यानंतर त्या प्लेअरबद्दल कुणी खळखळ केल्याचं ऐकलं नाही. ‘एन’ मात्र अजून जिवंत आहे. विंडोज ११ चंही ‘एन’ मिळतं. ते चुकून ज्याच्या गळ्यात पडतं तो मग मीडिया फीचर पॅक शोधत फिरतो, म्हणजे जे काढायला एवढा खटाटोप झाला तेच परत बसवायला.

गाणी विकणाऱ्यांनी तर याच्या पुढची पायरी गाठली. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही सीड्या अशा निघाल्या की काँप्युटरमध्ये घातल्या की त्यांच्याच प्लेअरवर लागायच्या, आणि त्याच वेळी एक सॉफ्टवेअर आत जाऊन लपून बसायचं, नकला काढू नयेत म्हणून. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाला ते ऑक्टोबरच्या शेवटी आपल्याच काँप्युटरवर सापडलं. इतकं बेमालूम लपलेलं की व्हायरसवाल्यांनीही त्याच आडोशाला आसरा घेतला. सोनीला सीड्या परत मागवाव्या लागल्या. गंमत अशी की ज्याने दुकानातून पावतीसहित सीडी घेतली त्याच्या घरात हे भूत शिरलं. फुटपाथवर ‘दीडशे सदाबहार गाणी’वाली एमपीथ्री सीडी घेणारा सुखरूप राहिला. त्याच्या सीडीवर गाण्यांची नावं चुकीची असत, पण बाकी ती निरुपद्रवी होती.

आणि सप्टेंबर २०१४ मध्ये ॲपलने यू टू या आयरिश बँडचा नवा अल्बम सुमारे ५० कोटी लोकांच्या आयट्यून्स संग्रहात फुकट टाकला. न मागता. आपण जपून जमवलेल्या गाण्यांत आपण न निवडलेली गाणी पाहून लोक इतके भडकले की आठवड्याभरात ॲपलला तो अल्बम काढून टाकायचं खास बटण द्यावं लागलं. गायक बोनो यांनी पुढे माफीही मागितली. अल्बम वाईट होता ही मुख्य तक्रार नव्हती. फुकट होता, हेही मान्य. पण माझ्या कपाटात माझ्या परवानगीशिवाय माझ्याच मापाचा नवा सदरा जरी कुणी टांगून गेलं, तरी मी आधी कुलूप तपासणार.

या सगळ्या गर्दीत एक सभ्य गृहस्थही होता, त्याचं नाव न घेता पुढे जाणं बरं दिसणार नाही. पॅरिसच्या एकोल सान्त्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये वसतिगृहात चित्रफिती बघण्यासाठी एक प्रकल्प सुरू केला. त्यातून व्हीएलसी निघाला. रस्त्याच्या कामावर ठेवतात तो नारिंगी शंकू ही त्याची खूण. विद्यार्थ्यांनी रस्त्यावरून उचलून आणलेले शंकू वसतिगृहात जमले होते, म्हणून तीच ठेवली म्हणतात. फाइल कुठलीही द्या, हा लावतो. नाव विचारत नाही, पिनकोड विचारत नाही, दुकान मांडत नाही. त्याचं काम पाहणारे जाँ-बातिस्त केंफ यांनी जाहिराती आणि टूलबार (म्हणजे ती ब्राउझरवरची पट्टी) घालायच्या बदल्यात देऊ केलेले कोट्यवधी युरो नाकारल्याचं सांगितलं आहे. सोसायटीतल्या निम्म्या काँप्युटरांवर मी तो बसवून दिला आणि माझी बोलावणी कमी झाली. चहाही कमी झाला, पण ते असो.

तर या सरळमार्गी प्राण्याच्या वाट्याला काय आलं? इतरांनी त्याच्याच नावाची बनावट पानं काढली आणि व्हीएलसीबरोबर टूलबार बांधून वाटू लागले. २०११ मध्ये त्याच्या कर्त्यांना याविरुद्ध जाहीर तक्रार करावी लागली. आणि २०२२ मध्ये आपल्याकडे त्याचं अधिकृत संकेतस्थळच बंद झालं. कारण काय ते आधी कुणी सांगेना. केंफ आणि मंडळींनी ऑक्टोबरमध्ये सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली, तेव्हा नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा खुलं झालं. मधले काही महिने अस्सल व्हीएलसी काँप्युटरवर घ्यायचा तर आडवाट धरावी लागे, आणि टूलबारवाली पानं मात्र बिनदिक्कत चालू.

राहता राहिलं घालवण्याचं. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ‘रिमूव्ह’ म्हटलं की प्लेअर हळवा होतो. खरंच जायचं का? का बरं? खालच्यापैकी कारण निवडा. ‘अन्य’ निवडलं तर दोन ओळी लिहा. मग दोन बटणं: ठळक रंगात ‘राहू द्या’, फिक्या करड्या रंगात ‘तरीही काढा’. काढला, काँप्युटर बंद करून चालू केला, की घड्याळाशेजारी त्याचा अपडेट करणारा नोकर हजर. धनी गेला, नोकर राहिला. माझ्या ओळखीचे एक निवृत्त बँक अधिकारी याला इतके वैतागले की त्यांनी ते कारण विचारणारं पान इंग्रजीत चांगलं पानभर भरून पाठवलं, ‘महोदय’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत. पोच आली. पोचेत प्लेअरच्या नव्या आवृत्तीची लिंक होती.

कधी कधी मात्र घालवायची हाक थेट सरकारकडूनच येते. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या संगणक पथकाने विंडोजवरचा क्विकटाइम काढून टाका असा जाहीर इशारा दिला. त्यात दोन गंभीर भोकं सापडली होती आणि ॲपलने विंडोजसाठी त्याची दुरुस्ती करणं सोडून दिलं होतं. तोवर आयट्यून्ससाठी म्हणून तो असंख्य काँप्युटरांवर बसलेला. त्या सुमारास आत्याच्या काँप्युटरवरही तो निघाला. कधी आला म्हणून विचारलं तर ती म्हणाली, ‘‘राहू दे ना, कुठे काय खातोय?’’

आता डेस्कटॉप घराघरांतून उठलाय. त्याचं टेबल इस्त्रीच्या कपड्यांनी भरलंय आणि गाणं फोनवर आलंय. नव्या फोनची पेटी फोडून त्यात सिम घालायच्या आत दोन-तीन गाणी वाजवणारी ॲप्स आधीच हजर असतात: एक फोन बनवणाऱ्याचं, एक अँड्रॉइडवाल्यांचं, एक ज्याने जागेचे पैसे मोजले त्याचं. इथे ‘नेक्स्ट’देखील दाबावं लागत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला, तेव्हा त्या आदेशात एक कलम असंही होतं की फोनबरोबर येणारी गूगलची ॲप्स काढून टाकायला ग्राहकाला आडकाठी करू नये. वाचून मला बरं वाटलं. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि आदेशातली चार कलमं रद्द केली. त्या चारांत हे एक होतं.

तेव्हा त्या ॲपवर बोट दाबून धरलंत तर बहुतेक वेळा ‘अनइन्स्टॉल’ दिसणार नाही. पण सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत जा, त्याचं नाव शोधा, आत ‘डिसेबल’ असं बटण असेल. ते दाबा. फोन घाबरवेल, म्हणेल की बाकीची ॲप्स नीट चालणार नाहीत. नको असलेलं गाण्याचं ॲप बंद केल्याने काही बिघडत नाही. मी घरातल्या सगळ्यांच्या फोनवर ते करून दिलंय, आत्याच्याही.